पुंगळीची गोष्ट

सायलेन्सरच्या आतली नळी उपटून टाकण्याला आपल्याकडे 'पुंगळी काढणे' म्हणतात. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पण गाडी गल्लीत शिरली की झोपलेलं पोर दचकून उठतं. एवढ्याशा नळीत असं काय असतं? गेले दोन शनिवार-रविवार या विषयाच्या मागे लागलो होतो, त्याचा हा गोषवारा.

आधी थोडं गणित. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा धूर सोडतो, तोही अजून दाबाखाली असलेला. म्हणजे चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० धक्के, आठ सिलिंडरचं असेल तर २००. हे धक्के म्हणजेच आवाज. सायलेन्सर ते दोन प्रकारे मारतो. एकतर कप्प्याकप्प्यांतून लाटा परतवून एकमेकींवर आदळवायच्या, नाहीतर काचतंतूंसारख्या मऊ भरावात जिरवायच्या.

मोटारीसाठी अशा सायलेन्सरचं पेटंट मिल्टन आणि मार्शल रीव्ज या अमेरिकन भावांनी १८९७ साली मिळवलं. गंमत म्हणजे लोकांना तो लगेच नकोसाही झाला! धूर अडतो, ताकद कमी होते ही तक्रार. मग 'कटआउट' आला: पायाने खटका दाबला की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. चढावर उपयोगी म्हणून घेतलेला हा खटका सपाट रस्त्यावरही दाबला जायचा, का ते सांगायला नको. शेवटी अमेरिकेतल्या अनेक शहरांनी त्यावर बंदी घातली. म्हणजे पुंगळीचं भांडण मोटारीइतकंच जुनं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या हॉटरॉडवाल्या पोरांनी 'ग्लासपॅक' उचलून धरला. भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती काचतंतूंचा भराव, बस्स. भराव बारीक चिरके आवाज गिळतो, खर्ज मात्र सोडून देतो. इथे एक फरक लक्षात घ्या: आवाज वाढवणं वेगळं आणि आवाज बदलणं वेगळं. अमेरिकन व्ही-८ ची ती प्रसिद्ध गुडगुड घ्या. आठही सिलिंडर मिळून धक्के समान अंतराने येतात, पण एका बाजूच्या चारांचे येत नाहीत, त्यांचा ताल लंगडा असतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या की गुडगुड ऐकू येते. मध्ये इंग्रजी एक्सच्या आकाराचा जोड टाकला की ताल सरळ होतो, आवाज चढा आणि गुळगुळीत लागतो. इंजिनाला हातही न लावता!

इथपर्यंत मी या पोरांच्या बाजूने आहे. अडचण पुढे आहे. आवाजाची हौस गाडीतल्या एकाची, ऐकायचं मात्र रस्त्याकाठच्या सगळ्यांनी. त्यात रात्रपाळी करून आलेला असतो, आजारी म्हातारी असते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि म्हणून पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात.

युरोपने २०१४ साली कायदा करून मोटारींच्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली, साध्या गाड्यांसाठी ७२ वरून ६८ डेसिबलपर्यंत. आणि त्याच कायद्याने इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करायला लावलं, पादचाऱ्यांना गाडी कळावी म्हणून!

बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून ऐकवला. शौकीन 'नकली' म्हणून नाकं मुरडत राहिले. मला विचाराल तर हौस ज्याची, आवाज त्याच्याच कानात, याहून न्याय्य तोडगा कुठला? पण पुढे २०२२ साली डॉजने इलेक्ट्रिक चार्जर डेटोनाचा नमुना दाखवला. त्यात धूर नाही, तरीही आवाज बाहेर फेकणारी यंत्रणा, दावा १२६ डेसिबलचा.

धूरच नाही म्हटल्यावर ताकदीची सबब संपली. उरली ती फक्त दुसऱ्याने मान वळवून बघावं ही इच्छा. कटआउटचा खटका दाबणाऱ्याचीही बहुधा तीच होती. ती स्पीकरने भागत नाही, आणि तिच्यासाठी पुंगळी अजून कुणी बनवलेली नाही.

असो. पुढच्या शनिवारी वेगळं काहीतरी.