तिरक्या चाकांची साक्ष

ज्याक-आँरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने ग्रां प्री शर्यतीत टिपलेले एक छायाचित्र जगभर छापले गेले आहे. 6 क्रमांकाच्या मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर निसटला आहे, मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले आहेत. त्याखाली बरीच वर्षे 1912 हे साल छापले जाई. पुढे अभ्यासकांनी ते 1913 च्या शर्यतीचे ठरवले. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तीगचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. हे चित्र म्हणजे निव्वळ अपघात, त्यात कसब कसले, असे कुणी म्हणेल. पण उत्तर चित्रातच आहे. त्या कॅमेऱ्यात एक अरुंद फट छायाचित्राच्या काचेच्या प्लेटवरून सरकत जाई. चाकाचा तळ आधी उमटे, माथा नंतर, आणि तेवढ्यात मोटार पुढे गेलेली असे. कॅमेरा स्थिर असता तर प्रेक्षक सरळ उभे दिसले असते. ते मागे कलले, कारण लार्तीग मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता. चाक पुढे झुकले, कारण त्याचा हात मोटारीहून थोडा मंद पडला. विकृती यंत्राची, पण तिच्यातून छायाचित्रकाराच्या अंगाची हालचाल आजही मोजता येते. वाहत्या वस्तूबरोबर आपणही वाहायचे, हा धडा छायाचित्रकलेला शर्यतीच्या रस्त्याने असा फार लवकर दिला.

आजचा कॅमेरा स्वतःच फोकस धरतो आणि सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतो; मग हा धडा जुना झाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला गणितानेच उत्तर द्यावे. ताशी 200 किलोमीटर वेगाची मोटार एक हजारांश सेकंदात साडेपाच सेंटिमीटर जाते, तर एक साठांश सेकंदात सुमारे 93. शटर अतिवेगवान ठेवले की चाकांच्या आऱ्यासुद्धा गोठतात आणि मोटार रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते. वेग दाखवायचा तर शटर मंद हवे, आणि मंद शटरमध्ये ते 93 सेंटिमीटर भरून काढायचे काम कमरेपासून वळणाऱ्या शरीरालाच करावे लागते. फोकसची यंत्रणा अंतर सांभाळते. हाताची लय तिच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय ही लय आधीच जुळलेली असावी लागते, म्हणून चालक ब्रेक कुठे लावेल, वळणाची कुठली कड धरेल, हे जाणणे आलेच. लुई क्लेमांतास्की हा माझ्या मते याचा सर्वांत भक्कम पुरावा. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तो आधी स्वतः शर्यतीत उतरला होता, मग कॅमेऱ्याकडे वळला. 1957 च्या मिल्ले मिल्या शर्यतीत तर तो पीटर कॉलिन्सच्या फेरारीत शेजारी बसून वाट सांगत होता आणि छायाचित्रेही काढत होता. आघाडीवर असतानाच ती मोटार पार्माजवळ बंद पडली. चालकाच्या खांद्याजवळून दिसलेला रस्ता मात्र त्याच्या फिल्मवर उरला.