दर रविवारी एक नवा पदार्थ

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ निघाले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. त्यातली मापे वाटी-चमच्याची, त्यामुळे नवख्या सुनेचाही हात धजावला.

सोसायटी नवी होती तेव्हा आमच्या जिन्यात ‘रुचिरा’ची एकच प्रत होती. ती दर रविवारी नव्या घरी जायची आणि नवा पदार्थ व्हायचा. चव बघायला आम्ही सारे हजर! आमची सौ. प्रत्येक पदार्थ वहीत उतरवायची. समासात शेरा, ‘तिखट अर्धा चमचा जास्त हवे.’

मात्र शेजारच्या आजी लाखोळीच्या डाळीचे वडे करायच्या, ते कोणी लिहिले नाहीत. आपले ते रोजचेच, म्हणून. विचारले तर म्हणायच्या, “अंदाजानं टाकाचं, बाबू.” आजी गेल्या, अंदाजही गेला. सौ. गेल्यावर वही चाळली. बिर्याणी आहे, ढोकळा आहे. भंडाऱ्याचे वडे नाहीत. बँकेत पै-पैचा हिशेब ठेवणारा मी, इथे मात्र चुकलो.

सुनांनो, नातवंडांनो, नवे जरूर करा. पण एखाद्या रविवारी आजीजवळ वाटी घेऊन बसा. तिच्या मुठीत किती मावते, ते मोजून लिहून ठेवा.