भूगर्भांतील धातु, त्याची खोली व त्याची ओळख

(१) खानदेशांत पिंपळनेर येथें मिळालेला चालुक्य सत्याश्रयाच्या नांवाचा ताम्रपट शक ३१० चा म्हणवितो. बदामीच्या चालुक्यांचा कालनिर्देश असलेला सर्वांत जुना विश्वसनीय लेख पहिल्या पुलकेशीचा, शक ४६५ चा. म्हणजे पिंपळनेरचें दान त्याच्याहि पूर्वी दीडशें वर्षांचें होतें. फ्लीट यांनीं हा पट बनावट लेखांत गणिला आहे. उलट साक्री तालुक्यांतीलच कासारें येथील सेंद्रक अल्लशक्तीचा कलचुरि संवत् ४०४ (इ. स. ६५३) चा पट अस्सल ठरला. दोन्ही पट तांब्याचेच. खऱ्याखोट्याचा निवाडा धातूवरून नव्हे, तर शक, अक्षरवटिका व वंशक्रम ह्यांवरून व्हावयाचा. हल्लीं धातुशोधक यंत्र हातीं घेऊन जमिनींतील वस्तूची जात खणण्यापूर्वींच सांगूं पाहणारे संग्राहक आढळतात. त्या सांगण्याची किंमत किती, हें पाहणें अवश्य आहे.

(२) यंत्राच्या वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्यायोगें पुरलेल्या धातूंत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात व त्यांचें उलट क्षेत्र वेटोळ्याकडे परत येतें. परतलेल्या संदेशाच्या जोरावरून खोलीचा अदमास करतात आणि त्याच्या विलंबावरून धातूची जात ठरवितात. विलंब तत्त्वतः खोलीनें बदलत नाहीं. जोर मात्र झपाट्यानें घटतो. वेटोळ्याच्या मानानें वस्तु दूर असल्यास क्षेत्र जातांना अंतराच्या घनप्रमाणांत क्षीण होतें व येतांनाहि तसेंच. अर्थात् अंतर दुप्पट झालें कीं संदेश चौसष्टांश उरतो.

(३) इतक्या क्षीण संदेशांत जमिनीचा स्वतःचा संदेश मिसळतो. खानदेशची काळी माती अग्निजन्य काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तींत चुंबकीय लोहकण पुष्कळ. त्यामुळें वरच्या थरांत चोख ओळखूं येणारें रुपें खोलवर गेलें म्हणजे यंत्र त्याचा अंक चुकीचा दाखवितें, कधीं लोखंड म्हणतें, कधीं मुळींच बोलत नाहीं. शिवाय खोलीचा कांटा नाण्याएवढी वस्तु गृहीत धरून आंखलेला असतो. सबब खोल पुरलेला मोठा पट वरच्या थरांतील लहान नाण्यासारखा भासतो. पट उभा रुतला असल्यास घोटाळा अधिकच. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधण्यास ग्रॅहॅम बेल यांनीं असेंच यंत्र लाविलें. गोळी समजुतीपेक्षां खोल व अन्यत्र होती, आणि बिछान्यांतील तारांनीं संदेश गढूळ केला. गोळी सांपडली नाहीं.

(४) परंतु यंत्राची चूक खणल्यावर उघड होते. खणणाराची चूक मात्र कायम राहते. प्रवरातीरीं दायमाबाद येथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका ग्रामस्थास रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशीं चार कांशाचीं शिल्पें मिळालीं. पुढें साळी यांनीं तेथें विस्तृत उत्खनन केलें व तीं उत्तर हडप्पा काळाचीं मानिलीं. धातूंतील सोमलाच्या प्रमाणावरून अग्रवाल यांनीं शंका काढली. शिल्पें कोणत्या थरांत होतीं हें उत्खनकाच्या नजरेखालीं नोंदलें गेलें असतें, तर वादास एक बळकट पुरावा मिळाला असता. १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें दहा रुपयांवरील निधीची वर्दी कलेक्टराकडे देतांना त्याचें स्वरूप व किंमत, ठिकाण आणि तारीख मागितली. खोली मागितली नाहीं. जें सरकारनें मागितलें नाहीं, तें कोणी टिपलें नाहीं.

(५) तात्पर्य, यंत्राचा कौल हा धातु असल्याचा पुरावा समजावा, वस्तूच्या ओळखीचा समजूं नये. क्षीण संदेश म्हणजे खणण्याचें निमंत्रण नव्हे; जितकी वस्तु खोल तितकी ती अखंड थरांत असण्याचा संभव अधिक, आणि तितकें आपलें खणणें घातक. अशा जागीं खूण करून जाणत्या उत्खनकास व सरकारी अधिकाऱ्यास कळवावें. जो पट आधींच वर आला असेल, त्याबरोबर खोली, मातीचा रंग, पटाची ठेवण व शेजारचीं खापरें ह्यांचें टिपण जोडावें. तें टिपण नसलेला अस्सल पट अर्धा मुका होय. आणि बनावट पटास पकडण्याचें एक साधन आपण हातचें घालवितों.