उन्हाला घाबरणारं औषध: म्युनिकपासून बीडपर्यंत

हा भाग ऐकायच्या, किंवा इथे वाचत असाल तर वाचायच्या आधी एक काम करा. मोबाईलचा टॉर्च लावा, खोलीत अंधार करा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लालभडक दिसतंय ना? टॉर्चचा उजेड पांढरा, मग बोट लाल का? कारण निळा-हिरवा उजेड रक्त आणि कातडी आतच शोषून घेतात, लाल तेवढा आरपार येतो. आजची सगळी गोष्ट या लाल बोटात आहे. उजेडाने कॅन्सरच्या पेशी मारता येतात का, हा तो विषय.

मी केज तालुक्यातला. सध्या पुण्यात कोडिंग करतो, डॉक्टर नाही. या विषयात शिरलो तो आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे. काका-काकू दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. एका वर्षी तिकडेच फडात काकांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिखट लागलं की आग व्हायची. गुढीपाडव्याला गावी आले तेव्हा मी विचारलं, "काका, तिकडंच दाखवलं का नाही?" तर म्हणले, "खाडा पडतो रे बाबा. मुकादमाची उचल फिटायची हाय. म्हणलं, पट्टा पडल्यावर दाखवू." चार महिने गेले होते. चट्ट्याची गाठ झाली होती. पुढे जबड्याचं मोठं ऑपरेशन झालं. काका आज आहेत, पण भाकरी कुस्करून खातात.

त्या वेळी रात्री-रात्री वाचत बसायचो, की चट्टा लहान असताना चिरफाड न करता काही करता आलं असतं का. तिथे पहिल्यांदा शब्द भेटला, फोटोडायनॅमिक थेरपी.

चला, म्युनिकला जाऊ. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं. ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी, त्याचे प्राध्यापक हर्मान फॉन टापाइनर. राब पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर अॅक्रिडीन नावाच्या रंगाचा परिणाम तपासत होता. रंगाचं प्रमाण तेच, तरी एका दिवशी जीव काही मिनिटांत मरायचे आणि दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त टिकायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, आउटपुट वेगळं! शोधता शोधता कळलं, फरक उजेडाचा आहे. अंधारात रंग जवळपास निरुपद्रवी, उजेडात जीवघेणा. १९०० साली हे छापून आलं. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी इओसिन हा रंग त्वचेच्या गाठींवर लावून उजेड दिला. पुढे या प्रकाराला 'फोटोडायनॅमिक' हे नाव टापाइनरनेच दिलं.

यात तीन गोष्टी लागतात: औषध, उजेड आणि ऑक्सिजन. औषध उजेड शोषतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन इतका चवताळतो की जवळ जे असेल ते जाळतो. पण त्याचं आयुष्य क्षणाहून कमी. पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतसुद्धा तो पोचत नाही. म्हणजे औषध पेशीजवळ असून भागत नाही, पेशीतच पाहिजे.

इथे कुणीतरी म्हणणार, 'आपल्याकडे हे आधीच होतं.' अर्धं खरं आहे. कोडावर बावचीच्या बिया आणि ऊन हा उपाय आयुर्वेदात फार जुना. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून सोरालेन वेगळं केलं आणि त्याच घराण्यातल्या औषधावर सत्तरच्या दशकात पुवा नावाची त्वचेची उपचारपद्धत उभी राहिली. पण सोरालेनची रीत वेगळी. ते थेट डीएनएला चिकटतं, त्याला ऑक्सिजनची तितकी गरज नाही. आणि हो, ऐकून कुणी बावची लावून उन्हात बसू नका. कातडी फोडांनी भरते.

फोड म्हटलं की आठवतो फ्रीडरिश मायर-बेट्स. या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये हिमॅटोपोर्फिरिन नावाचं, रक्तातल्या लाल रंगापासून बनवलेलं औषध स्वतःलाच टोचून घेतलं. २०० मिलिग्रॅम. मग उन्हात गेला. चेहरा आणि हात इतके सुजले की ओळखू येईना, आणि पुढचे कित्येक आठवडे त्याला ऊन सोसत नव्हतं. औषध अंगभर पसरलं होतं, त्यामुळे ऊन जिथे पडेल तिथे ते पेटत होतं. माझ्या मते या उपचाराचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे याच एका अडचणीशी केलेली झटापट आहे.

अमेरिकेत बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी हे काम सत्तरच्या दशकात नेटाने पुढे नेलं. १९७८ साली त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा हिशोब मांडला. त्यातल्या १११ गाठी पूर्ण किंवा काही प्रमाणात विरघळल्या होत्या. यातून फोटोफ्रिन हे औषध आलं. १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी त्याला पहिली मान्यता दिली. पण अट राहिलीच: इंजेक्शननंतर किमान ३० दिवस उन्हात जायचं नाही.

आता ही अट बीडला आणून बघा. आमच्याकडे मार्च-एप्रिलचं ऊन, त्यात ज्याचं पोट फडावर, रानात, नाहीतर रस्त्याच्या कामावर. त्याला सांगायचं की महिनाभर सावलीत बस. औषध फुकट दिलं तरी त्याला ते परवडणार नाही!

म्हणून नॅनो. नॅनो म्हणजे किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषध वाहून नेणारे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. डोक्याच्या केसाच्या जाडीत असे कित्येकशे कण शेजारी शेजारी मावतील. यातला सगळ्यात मुरलेला कण म्हणजे लायपोसोम, चरबीचा सूक्ष्म फुगा. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी तो पहिल्यांदा नीट ओळखला. औषध फुग्यात भरलं की ते शरीरात कुठे जातं, किती वेळ टिकतं, हे बदलता येतं.

हा शब्द तुम्ही ऐकलाय. आठवा २०२१. कोरोनाची दुसरी लाट, मग म्युकर, आणि 'लायपोसोमल अँफोटेरिसिन बी' या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची गावोगाव धावाधाव. त्यातलं 'लायपोसोमल' म्हणजे हाच फुगा. साधं अँफोटेरिसिन किडनीला झोडपतं, फुग्यातलं कमी त्रास देतं. देशी बनावटीचं असं औषध उभं करण्यात मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे नॅनो-औषध ही काही परग्रहावरची गोष्ट नाही.

उजेडाच्या औषधातही हा फुगा आला. व्हर्टेपोर्फिन हे लायपोसोममधलं औषध २००० साली अमेरिकेत मंजूर झालं. कॅन्सरसाठी नाही, डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी. पण सावलीत बसायचा काळ बघा: पाच दिवस. हे श्रेय एकट्या फुग्याचं नाही, औषधही शरीरातून लवकर निघून जाणारं आहे. तरी ३० वरून ५!

आपल्याकडचं काम सांगतो. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातला अभिजित डे यांचा गट यांनी मिळून लायपोसोमवर सोन्याचा मुलामा चढवला. अरविंद रेंगन हे त्या कामातले मुख्य संशोधक. २०१५ मध्ये 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात ते छापून आलं. या कणांवर इन्फ्रारेडच्या जवळचा उजेड सोडला की ते तापतात आणि गाठ भाजून निघते. काम झाल्यावर कण फुटून बारीक होतात आणि शरीराबाहेर पडतात. हा फोटोडायनॅमिकचा चुलत भाऊ, फोटोथर्मल. इथे ऑक्सिजन चवताळत नाही, उष्णता काम करते. पण हे उंदरांवर झालंय. उंदराच्या गाठीत कण सहज शिरतात, माणसाच्या गाठीत तितके शिरत नाहीत. या क्षेत्रातली बरीच आश्वासनं तिथेच अडकली आहेत.

दुसरं काम अलिगढचं. तिथल्या मेडिकल कॉलेजने बॉस्टनच्या तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्या गटांसोबत तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे साधारण तीस रुग्ण घेतले. रुग्णाला एएलए नावाचं द्रव्य प्यायला द्यायचं. त्यापासून कॅन्सरची पेशी स्वतःच उजेडाला पेटणारा पदार्थ बनवते. मग बॅटरीवर चालणाऱ्या एलईडीचा लाल उजेड गालाच्या आत द्यायचा. महागडा लेझर नाही, लाइट गेली तरी चालतं. आणि चट्ट्यात औषध भरलंय की नाही, हे बघायला स्मार्टफोनचा कॅमेरा! निळ्या उजेडात तो भाग लाल चमकतो. निकाल आशादायक आले. एएलए एक-दोन दिवसांत शरीरातून उतरतं, म्हणजे महिनाभर अंधारात बसायला नको. यात नॅनोकण नाहीत. ते लागतील जाड गाठींना, जिथे औषध पुरेसं शिरत नाही.

आता ते लाल बोट परत आठवा. लाल उजेड बोटातून येतो, पण आख्ख्या मांडीतून येणार नाही. शरीरात तो काही मिलिमीटरच काम करतो. म्हणून हा उपचार पातळ, वरवरच्या, लवकर सापडलेल्या चट्ट्याचा आहे. काकांच्या गालात कार्तिकात जो होता त्याचा, पाडव्याला जी गाठ होती तिचा नाही. औषध पेशीपर्यंत कसं न्यायचं, हे शास्त्रज्ञ शंभर वर्षं शोधतायत. माणूस डॉक्टरपर्यंत कसा न्यायचा, हे कोणत्याच नॅनोकणाला जमणार नाही.

पण ते माणसांना जमतं, आणि तेही आपल्या शेजारीच. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांत कार्यकर्ते घरोघर जायचे, लक्षणं समजावून सांगायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. ना लेझर, ना सोनं. नुसतं बोलणं.

तर आज एवढंच करा. घरात कुणी मिसरी लावत असेल, गुटखा-तंबाखू खात असेल, तर ज्या टॉर्चने बोट लाल केलंत तोच टॉर्च त्यांच्या तोंडात मारून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर पट्टा पडायची वाट बघू नका. दाखवून घ्या.

मी हे आमच्या आज्जीला केलं. म्हणली, "काय तोंडात बॅटऱ्या मारायलास रे लेकरा!" तोंड साफ निघालं. मिसरीची डबी मात्र अजून उशाशीच आहे, त्यावर आमचं भांडण चालू आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.