निकितीनने दिलेली ताकीद

रशियातल्या त्व्हेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनींच्या राजधानीत, बीदरला पोचला. त्याची प्रवासवही वाचली जाते ती सुलतानाच्या मिरवणुकींच्या वर्णनासाठी. मला मात्र ती मागून येणाऱ्या वाटसरूंसाठी लिहिलेली ताकीद वाटते, आणि तिचं खरं मोल तिथेच आहे. हिंदुस्थानात आपल्या मुलखाजोगा माल भरपूर मिळेल, असं सांगून लोकांनी आपल्याला फसवलं, हे तो स्पष्ट लिहितो. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर, समुद्रात चाचे. पावसाचे चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, त्यामुळे मुक्काम जुन्नरलाच. शंभर रुबल खर्चून आणलेला घोडा तिथला अधिकारी असदखान याने काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावलं. एका खुरासानी ख्वाजाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. परक्या मुलखात ओळखीचा माणूस हवा, याहून ठोस पुरावा कोणता?

यावर आक्षेप येईल की वानरांच्या राजाची फौज असते असं लिहिणाऱ्यावर विश्वास का ठेवावा? पण ऐकीव आणि अनुभवलेलं यांतला फरक त्याच्या मजकुरातच दिसतो: दंतकथा दूरच्या रानातल्या आहेत, जकात आणि घोडा त्याच्या स्वतःच्या पदरचे. आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विकायला येतात, हा त्याचा आकडा गोळाबेरीज असेल. तरी कलबुर्गी भागातलं हे दर्ग्याचं गाव घोडेबाजाराचं ठिकाण होतं, एवढं त्यावरून मानायला हरकत नाही.