ईश्वर हेंच सर्वस्व : नरसीपासून नागासाकीपर्यंत

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मागें वळून पाहण्याची प्रथा आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, शाळेची इमारत कशी उभी राहिली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, यांची नोंद अशा स्मरणिकेंत व्हावी हें योग्यच आहे. परंतु या सर्व नोंदी वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतोच : हें सर्व कोणासाठीं? या प्रश्नाचें उत्तर धर्मशिक्षणाच्या वर्गांतील लहान मूलही पाठ म्हणून दाखवील. तें जगून दाखविणें मात्र फार थोड्यांना साधतें. म्हणून या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें इतिहासांतील दोन नांवें ठेवूं इच्छितों. एक मराठवाड्याच्या मातींतलें, दुसरें वसईच्या किनाऱ्यावरचें. दोघांचा काळ निराळा, धर्म निराळा, मार्गही निराळा; परंतु दोघांच्याही आयुष्यापुढें प्रश्न एकच उभा राहिला : मनुष्याच्या जीवनाच्या मध्यभागीं कोण असावें?

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. वारकरी परंपरेप्रमाणें १२७० सालीं संत नामदेवांचा जन्म येथें झाला, म्हणून लोक त्यास नरसी नामदेव म्हणतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. पुढें हा मुलूख निजामाच्या राज्यांत गेला. १९४८ सालीं तें राज्य भारतांत विलीन झालें. १९९९ सालीं परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वांत आला. राज्यें बदललीं, सरहद्दी बदलल्या, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. परंतु एका शिंप्याच्या नांवानें गांव ओळखलें जातें, तें आजही तसेंच ओळखलें जातें. ज्यांनीं राज्य केलें त्यांच्यापैकीं कितीकांचीं नांवें या गांवांतील मुलांस ठाऊक असतील?

नामदेवांविषयीं परंपरेनें सांगितलेली एक कथा मराठी मनुष्यास लहानपणापासून माहीत असते. संतमंडळी जमली असतां गोरोबा कुंभारांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें आहे असा निर्णय दिला. व्यथित झालेले नामदेव औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनीं दोष देतांच ते म्हणाले, जेथें देव नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेवांस तशी जागा सांपडली नाहीं. औंढा व नरसी हीं दोन्ही स्थानें आज एकाच जिल्ह्यांत आहेत, म्हणून ही कथा या भागांतील लोकांस विशेष जवळची वाटते.

या कथेचा अर्थ आम्हांस असा दिसतो. नामदेव देवाला विसरलेले नव्हते. उलट, देवाचा लाडका म्हणूनच त्यांची ख्याति होती. उणीव निराळीच होती. देव माझा आहे, माझ्याशीं बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य घेतो, या गोड भावनेंत ‘मी’ आणि ‘माझा’ हे शब्द अद्याप मोठे होते. मनुष्य देवाचें नांव घेत असतांही मध्यभागीं स्वतःलाच बसवूं शकतो, हा त्या कच्च्या मडक्याचा अर्थ आहे. मडकें पक्कें झाल्यावर नामदेव एका गांवाचे राहिले नाहींत. ते उत्तरेकडे गेले. पंजाबांत घुमान येथें त्यांचें स्थान आहे, आणि त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत समाविष्ट आहेत. तथापि पंढरपुरास त्यांची जागा कोठें, तर महाद्वारीं पायरीखालीं, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ माथ्यावर पडावी म्हणून.

येथें कोणी विचारील, ख्रिस्ती स्मरणिकेंत हें कशासाठीं? आमचें उत्तर असें. सर्व धर्म एकच, असें आम्ही म्हणत नाहीं; शब्द देही झाला आणि तो प्रभु येशू ख्रिस्त होय, ही आपली श्रद्धा आहे व ती आपण कोणत्याही सौजन्यासाठीं सोडणार नाहीं. परंतु इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाहीं, हें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. त्याच्या साडेतीन शतकें आधीं, १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं संतांच्या ओवी छंदांत आपल्या प्रभूचें चरित्र गाइलें आणि १६१६ सालीं तें ख्रिस्तपुराण छापून निघालें. ज्या भाषेनें भक्तीचे शब्द घडविले, त्याच भाषेंत आपण आज प्रार्थना करतों. शेजाऱ्याच्या अंगणांतील दिवा पाहून आपल्या घरच्या दिव्यांत तेल आहे कीं नाहीं हें तपासावें, एवढाच आमचा हेतु.

आतां आपल्या घरच्या दिव्याकडे वळूं. वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत आली. तेथें सुमारें १५५६ सालीं गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई याच भूमींतली. येशूसंघाच्या गुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें आणि १५७२ च्या सुमारास, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, ते त्या गुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात् केली व धर्मशिक्षक म्हणून सुमारें आठ वर्षें सेवा केली. येशूसंघांत आपणांस घ्यावें ही त्यांची मनापासूनची इच्छा होती; ती पूर्ण झाली नाहीं.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. सर्व तारुण्य ज्या कार्यास दिलें, त्याच घराचें दार आपणांस उघडत नाहीं, हा अनुभव साधा नव्हे. अशा वेळीं मनुष्य दोहोंपैकीं एक करतो : मनांत कटुता धरून देवापासून दूर जातो, किंवा धर्माचें काम आपल्यासाठीं नाहीं असें म्हणून संसाराच्या मागें लागतो. गोन्सालो व्यापारांत शिरले व त्यांत त्यांस यशही पुष्कळ आलें. पूर्वेच्या बंदरांतून त्यांच्या मालाची उलाढाल चालूं लागली. येथेंच त्यांचें चरित्र संपतें, तर तें एका यशस्वी वसईकराचें चरित्र झालें असतें आणि आज तें कोणीं वाचलें नसतें.

परंतु ज्या हांकेनें त्यांस मुलपणीं समुद्रापार नेलें होतें, ती हांक पैशानें बंद झाली नाहीं. त्यांनीं व्यापार सोडला आणि फिलिपाईन्समधील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश केला. तोही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधु म्हणून. ज्याच्या हाताखालीं नोकरचाकर असावेत, तो दुसऱ्यांची सेवा करण्याच्या पदावर आनंदानें बसला. आपणांस काय व्हावयाचें आहे हा प्रश्न मागें पडून देवास आपणाकडून काय हवें आहे हा प्रश्न पुढें आला, हें या पायरीवरून स्पष्ट दिसतें.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८७ सालींच मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. तरीही १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पाठविलेल्या वकिलातींत फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासह बंधु गोन्सालो दुभाषे म्हणून तेथें गेले. क्योतो येथें त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. तेथें त्यांनीं मंदिर बांधलें आणि त्याच्या जोडीला महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ईश्वर हेंच सर्वस्व मानणारा मनुष्य शेजाऱ्याकडे पाठ फिरवितो, असा पुष्कळांचा समज असतो. क्योतोच्या रुग्णालयाची साक्ष उलट आहे. ज्याला स्वतःसाठीं कांहीं मिळवावयाचें उरलें नाहीं, त्याचेच हात इतरांच्या जखमा धुण्यास मोकळे असतात.

१५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला, राजकीय संशय वाढले, आणि त्या संशयाचा घाव ख्रिस्ती लोकांवर पडला. डिसेंबरांत धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारींत क्योतो येथें बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, गाड्यांतून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यांत सुमारें एक महिना त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. निघतांना ते चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे जपानी ख्रिस्ती त्यांच्यांतच सामील केले गेले, आणि संख्या सव्वीस झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. १६२७ सालीं पोप आठवे उर्बन यांनीं आपल्या वसईकर रक्तसाक्ष्यास धन्य घोषित केलें आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीस जणांना संतपद दिलें.

आपल्यापैकीं कोणी म्हणेल, हे संत. आम्ही प्रपंची माणसें, शेत, नोकरी, मुलांचें शिक्षण, मुलींचीं लग्नें, दवाखान्याचा खर्च. आम्हांस हें कसें साधावें? त्या सव्वीस जणांची यादी पाहावी. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय. बाकीचे सतरा प्रापंचिक. त्यांत सुतार होता, वैद्य होता, स्वयंपाकी होता. लुईस नांवाचा मुलगा तर अवघा बारा वर्षांचा होता. देवाला मध्यभागीं ठेवण्यासाठीं त्यांनीं आपली करवत किंवा चूल आधीं टाकून दिली नव्हती. इकडे नामदेवांच्या घरीं गंगाखेडची जनाबाई दासी म्हणून राबत होती आणि जात्यावर दळतांना देवाशीं बोलत होती. नामदेवांइतकेंच तिचेंही नांव आज घेतलें जातें. काम सोडावें लागत नाहीं. कामाचा धनी बदलावा लागतो.

धनी बदलला कीं नाहीं हें ओळखावें कसें? गोन्सालोंच्या चरित्रांत त्याच्या तीन खुणा दिसतात. अपमान झाला, तरी देवाशीं त्यांचें वांकडें आलें नाहीं. पैसा आला, तरी त्यानें देवाची जागा घेतली नाहीं. अखेर प्राण मागितला गेला, तेव्हां प्राणही देवाहून मोठा ठरला नाहीं. यांतील तिसरी कसोटी आपल्या वांट्यास बहुधा येणार नाहीं. परंतु पहिल्या दोन तर प्रत्येक धर्मग्रामांत, प्रत्येक वर्षीं येतात. मंडळाच्या निवडणुकींत आपलें नांव मागें पडलें, मिरवणुकींत दुसऱ्याला मान मिळाला, धर्मगुरूंचा एखादा शब्द मनास लागला, आणि त्या दिवसापासून मिस्साबलिदानास येणें बंद झालें, असें घडतें. असें घडलें म्हणजे समजावें कीं आपण मंदिरांत येत होतों तें देवासाठीं नव्हे, मानासाठीं येत होतों. उलट, हातीं पैसा खेळूं लागला आणि रविवार दुकानाचा किंवा सहलीचा झाला, तर त्याचाही अर्थ तोच.

महोत्सवाच्या प्रसंगीं आणखी एका गोष्टीचें स्मरण ठेवावें. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई जिंकली. किल्ल्यांतील भव्य ख्रिस्तमंदिरें कालांतरानें ओसाड पडलीं. आज त्यांच्या उघड्या भिंतींवर झाडें वाढलेलीं दिसतात. ज्यांची श्रद्धा त्या दगडांत असती, त्यांची श्रद्धा त्या दगडांबरोबरच ढांसळली असती. परंतु वसईच्या गांवोगांवचे शेतकरी, कोळी, कारागीर ख्रिस्ती राहिले. राजाश्रय गेला, मोठीं मंदिरें गेलीं, जपमाळ राहिली, कारण ती ज्याच्यासाठीं होती तो गेला नव्हता. १९९८ सालीं वसईस स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला आणि मराठी प्रार्थनेचा स्वर तेथें आजही निनादत आहे. आपल्या मराठवाड्यांत औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. येथील बहुतेक मंदिरें लहान, येथील ख्रिस्ती समाज विखुरलेला व कष्टकरी. परंतु वसईचा इतिहास सांगतो कीं मंदिराच्या उंचीनें धर्मग्राम टिकत नाहीं.

म्हणून या वर्षीं मंदिरास रंग द्यावा, घंटा घांसून लख्ख करावी, मिरवणूक थाटानें काढावी. परंतु प्रत्येक कुटुंबानें घरीं बसून एक हिशेबही मांडावा. आपल्या घरांत कोणाच्या इच्छेनें दिवस ठरतो? कोणाच्या भयानें आपण खोटें बोलतों, आणि कोणाच्या प्रेमानें क्षमा करतों? संध्याकाळच्या प्रार्थनेस पंधरा मिनिटें निघत नाहींत, तीं कोणीं घेतलीं? या हिशेबांत जें नांव सर्वांत वर येईल, तोच आपला खरा देव, मग भिंतीवर तसबीर कोणाचीही असो.

कयाधूच्या कांठच्या शिंप्यास देवाविरहित जागा सांपडली नाहीं. वसईच्या व्यापाऱ्यास देवाहून मोठें मोल सांपडलें नाहीं. आपणांसही, या महोत्सवाच्या निमित्तानें, प्रभु येशूच्या कृपेनें व पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें, त्या एका धन्याशिवाय दुसरा धनी न सांपडो, आणि पुढील महोत्सवास जे या अंगणांत जमतील त्यांना आपणांकडून इमारतीबरोबर ही निष्ठाही वारशानें मिळो, एवढीच त्या परमपित्याच्या चरणीं आमची नम्र प्रार्थना आहे.