फोटोतला रणगाडा ओळखण्याच्या विद्येची कुळकथा

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातले सर्वांत मोठे. अशा जागेकडे कॅमेरा रोखायचा नसतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण एका फोटोतून परक्याला एवढे कळते तरी काय? त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

१८९८ साली इंग्लंडमध्ये फ्रेड जेन याने जगभरच्या युद्धनौकांचा ग्रंथ काढला. धुराडी किती, डोलकाठ्या कुठे, तोफांचे बुरूज कसे, हे त्यातल्या आकृत्यांवरून ताडता येई. नाव दिसले नाही तरी जहाज कोणते ते कळावे, हा त्यामागचा उद्देश. दुसऱ्या महायुद्धात ही विद्या सामान्य माणसांपर्यंत आली. १९४१ पासून ब्रिटनमध्ये केवळ विमाने ओळखणाऱ्यांसाठी ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघू लागले.

आपल्याकडे १९६५ च्या युद्धानंतर असल उत्तरच्या रणभूमीवर पडलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचे फोटो वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले. फोटोखाली नुसते ‘पॅटन’ लिहिलेले असे, पण पॅटन एक नव्हता. एम-४७ चा बुरूज मागे लांबट निघालेला, तर एम-४८ चा कासवाच्या पाठीसारखा गोलसर. तेही नीट दिसत नसेल, तर पट्ट्याच्या वरच्या भागाला आधार देणारी लहान चाके मोजावीत. एम-४७ ला एका बाजूला तीन असतात, एम-४८ च्या सुरुवातीच्या गाड्यांना पाच. पॅटन प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. तिथे चाके डोळ्यांसमोर मोजता येतात, आणि एकदा मोजली की जुना फोटो निराळाच दिसू लागतो.

१९७१ च्या युद्धात ओळखीचा प्रश्न अधिक बिकट झाला. आपला टी-५५ आणि पाकिस्तानचा चिनी बनावटीचा टाइप-५९ दिसायला जवळजवळ सारखे, कारण दोघांचे मूळ एकाच रशियन घराण्यात. आपल्याच गोळ्याने आपलाच रणगाडा उडायचा धोका होता. म्हणून भारतीय टी-५५ च्या तोफेच्या नळीच्या मध्यावर एक खोटा फुगवटा बसवला गेला. त्याचे काम एकच, लांबून ओळख पटवणे. त्या काळच्या फोटोत नळीच्या मध्यावर असा फुगवटा दिसला, तर गाडी आपली. युद्धातली इतकी लहानशी आणि इतकी मोलाची खूण दुसरी क्वचितच सापडेल.

जी नजर जुना फोटो अचूक वाचते, तीच नजर आजचा फोटोही वाचते, आणि ती शत्रूकडेही आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने माध्यमांना लष्करी हालचालींचे थेट चित्रण टाळायला सांगितले ते याचसाठी. तेव्हा वर्ध्याच्या मित्रांनो, जुन्या युद्धांचे फोटो भिंग घेऊन खुशाल बघा, मुलांनाही दाखवा. पण रेल्वे फाटकाशी लष्करी सामानाची गाडी दिसली, तर मोबाइल खिशातच राहू द्या.